धोंड्याला वळसा

दगडाचा देव व्हायला किती वेळ लागतो, हे कुणाला ठाऊक नसेल तर मी सांगते. शेंदूर वाळायला लागतो तेवढा. आमच्या गावच्या धोंड्याचं तसं झालं, आणि चैत्रातली जत्रा होऊन आता श्रावण आला तरी माझा राग उतरलेला नाही. मुलगी म्हणते, "आई, बीपी चेक कर." केलंय. बीपी नॉर्मल आहे. राग आहे तो वेगळा.

गाव हिंजवडीच्या पलीकडचं. आता त्याला गाव म्हणायचं ते सवयीनं. भातखाचरं होती तिथे काचेच्या इमारती आल्या, ओढ्यावर स्लॅब पडला आणि सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींच्या शेपट्या धरून उभ्या असतात. मारुतीचं देऊळ मात्र आहे तिथेच आहे. एका बाजूला मोमोवाला, दुसऱ्या बाजूला पीजीच्या पाट्या, मध्ये मारुतराय. आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला होती. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला आणि घरातले देव ओढ्यात सोडले. वडील पुढे नोकरीला पुण्यात आले, आम्ही इथेच वाढलो, आणि आता आई गेल्यापासून ते माझ्याकडे कर्वेनगरला असतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

तर धोंडा. देवळासमोरच्या मोकळ्या पटांगणात एक काळा, गुळगुळीत, गोल दगड असायचा. गावच्या तालमीचा. त्याचं वजन कुणी कधी केलं नाही. करायचं नसतं, असं आबा सांगतात. उचलला त्याला कळलं, नाही उचलला त्यालाही कळलं. जत्रेच्या दिवशी ज्याच्या अंगात रग असेल त्यानं पुढे यायचं, धोंडा जमिनीवरून सोडवायचा, छातीशी घ्यायचा, झेपेल तेवढं चालायचं आणि खांद्यावरून मागे टाकायचा. टाकला की जिथे पडला तिथे पडला. पुढच्या जत्रेपर्यंत तो तिथून कुणी हलवायचा नाही. पहार लावायची नाही, लोटायचा नाही, बैल जुंपायचे नाहीत. कुणी मर्द पुढच्या वर्षी उचलील तेव्हाच तो जागचा हलायचा. त्यामुळे धोंडा कधी पिंपळाखाली असायचा, कधी विहिरीच्या वाटेवर. तो कुठे आहे त्यावरून गेल्या वर्षी कोण जिंकलं हे पोराबाळांना कळायचं.

आता ऐका. त्या काळी आम्हाला देवळाची पायरी चढायला बंदी होती. धोंड्याला हात लावायला मात्र बंदी नव्हती. का नव्हती, हे मी आबांना लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "दगड हाय तो. दगडाला कसला आलाय विटाळ." गावातल्या मंडळींनी एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. खालच्या वस्तीतला कुणी तो उचलील हेच त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

आबांनी उचलला. मिसरूड नुकतं फुटलं होतं म्हणे. तालमीतले सगळे नामांकित आधी होऊन गेले, धोंडा मांडीच्या वर कुणाला येईना, आणि मग हे गर्दीतून पुढे गेले. अंगात बापाची बंडी, हाताला माती. उचलला, छातीशी घेतला, आणि चालत चालत थेट देवळाच्या दारासमोर, पायऱ्यांच्या चार हात अलीकडे नेऊन टाकला. मुद्दाम टाकला का, असं विचारलं की आबा नुसते हसतात. टाकल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. पण नियम तो नियम. पुढल्या जत्रेपर्यंत धोंडा देवळाच्या वाटेत. पाटलाची बैलगाडी आली तरी वळसा. पालखी निघाली तरी वळसा. नवरानवरी पाया पडायला आली तरी वळसा. आबा ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी एकच वाक्य म्हणतात, "वरीसभर समदं गाव मला वळसा घालून देवळात गेलं." माझ्या लहानपणी मला त्यात एवढं काय मोठं, ते कळायचं नाही. पुढे शाळेत, मग सरकारी कचेरीत, लोक मला वळसे घालायला लागले तेव्हा कळलं.

माझी मुलगी हिंजवडीतच एका कंपनीत आहे. बसून बसून पाठ धरली म्हणून ती जिमला जायला लागली आणि तिथे तिला वजनं उचलायचा नादच लागला. नाद म्हणजे किती, तर पगारातून सोनं घ्यायचं सोडून बाईसाहेब कमरेचा जाड पट्टा घेऊन आल्या. आबांनी तिचा एक व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. मग चष्मा पुसत म्हणाले, "धोंडा उचलशील?"

तिला वाटलं गंमत आहे. मलाही वाटलं. पण आबांनी ते धरूनच ठेवलं. त्यांना मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणीच. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आयसीयूतून बाहेर आल्यावर पहिलं काय बोलले असतील? जेवलात का, घरी कोण आहे, काही नाही. "जत्रेला किती वेळ हाय?" त्यांना डोळे मिटायच्या आत आपल्या घरातल्या कुणीतरी तो धोंडा जागचा हलवलेला बघायचा होता. एवढंच. माणूस उतारवयात काशीला जाऊ म्हणतो, दुबईला जाऊ म्हणतो. हे म्हणतात दगड.

मग आमच्या घरात तालीम सुरू झाली. आबा खुर्चीत बसून सांगायचे आणि ही करायची. जिमच्या लोखंडाला धरायला दांडी असते, धोंड्याला काहीच नसतं, ही सगळी अडचण. "भांडायचं न्हाई त्येच्याशी," आबा सांगायचे. "आधी बोटं खाली घाल. मग मांडीवर घे, लेकरासारखा. तिथं दम खा. मग मिठी मार. पाठ शेवटाला." गव्हाच्या कट्ट्यानं सुरुवात झाली. मग सोसायटीच्या बागेत शोभेला ठेवलेले नदीतले गोल दगड होते, त्यातला सगळ्यात मोठा ती रोज सकाळी उचलून पुन्हा होता तिथे ठेवायला लागली. आठवड्याभरात नोटीस बोर्डावर कागद आला: "सोसायटीच्या मालकीचे शोभेचे दगड व्यायामासाठी नाहीत. उचलल्यास उचलणाऱ्याची जबाबदारी." कशाची जबाबदारी, ते लिहिलेलं नव्हतं. मी खाली पेननं लिहून आले, "दगड जागेवर आहेत. मोजून घ्यावेत." सेक्रेटरी अजून माझ्याशी बोलत नाहीत, ते एक बरंच झालं.

जत्रा महिन्यावर आली तेव्हा आम्ही तिघं गावी गेलो. म्हटलं, धोंडा कुठे पडलाय बघू, जमीन कशी आहे बघू. रिक्षातून उतरले आणि मला आधी काही कळेचना. पटांगण नव्हतंच. सगळीकडे लाल-पिवळे पेव्हिंग ब्लॉक आणि त्यावर गाड्या लावलेल्या. देवळाच्या उजव्या हाताला काळ्या ग्रॅनाइटचा चकचकीत ओटा, त्याला स्टीलचं रेलिंग, वर पत्र्याची छोटी घुमटी. आणि त्या ओट्यावर, केशरी शेंदरात न्हाऊन, चांदीचे डोळे लावून, रुईच्या पानांची माळ घालून आमचा धोंडा बसला होता. शेजारी फलक: "ऐतिहासिक शक्तिपीठ. वजन १५१ किलो."

वजन कुणी केलं? कुणी नाही. देणगी देताना वर एक रुपया ठेवतात ना, तसा तो आकडा होता.

आबा रेलिंगला धरून उभे राहिले. मुलगी म्हणाली, "आजोबा, त्याला डोळे लावलेत." तिच्या आवाजात हसू होतं, पण आबांचं तोंड बघून तिनं ते गिळलं. मी मात्र तिथूनच तडक उत्सव समितीच्या ऑफिसात गेले.

समितीचे अध्यक्ष म्हणजे ज्यांच्या फोटोखाली गावभर "भावी" असं लिहिलेलं आहे ते गृहस्थ. वय चाळिशीचं, गळ्यात चेन, वागणं अगदी अदबीचं. चहा मागवला, आबांना वाकून नमस्कार केला. मी सरळ विचारलं, की धोंडा ओट्यावर का चढवला.

"ताई, त्याचे किती हाल चालले होते," ते म्हणाले. "लोक गाडी टेकवायचे त्याला. कुत्री... जाऊ द्या. म्हटलं, आपला वारसा आहे, मान राखला पाहिजे. रीतसर प्राणप्रतिष्ठा केली. गुरुजी आणले, होम केला, सगळं शास्त्राप्रमाणे. काम मेहुण्यानं केलं, एक पैसा घेतला नाही."

"मग आता जत्रेत उचलायचं काय?"

"आता तो उचलायचा नाही ना, ताई. आता तो मारुती आहे."

मी म्हटलं, "मारुती आत देवळात होता. हा त्याच्या दारातला दगड होता. एक मारुती पुरत नव्हता का तुम्हाला?"

ते हसले. मग मी मुलीचं सांगितलं. तिनं किती तयारी केलीय, आबांची काय इच्छा आहे. त्यांनी मन लावून ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग अत्यंत वाईट वाटल्याच्या स्वरात म्हणाले, "मुलीनं म्हणजे तर अवघडच. मारुतीला बायकांचा स्पर्श चालत नाही, तुम्हाला माहितीये. आमचं काही नाही हो, पण गाव आहे." मग आबांकडे वळून त्यांचे हात हातात घेतले. "पण आजोबा, तुम्ही जत्रेला यायचं. तुमचा सत्कार करायचाय. धोंडा उचललेल्यांपैकी हयात असलेले तुम्हीच तेवढे जुने. अगदी देवळात, गाभाऱ्यासमोर खुर्ची टाकतो तुमची. आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही."

आबांनी हात सोडवून घेतले. अगदी हळू सोडवले. "तवा देवळात येऊ देत न्हवते आन धोंड्याला हात लावू देत व्हते," ते म्हणाले. "आता देवळात या म्हन्ता, आन धोंड्याला हात लावू नका म्हन्ता. तुमचं कायतरी एक ठरवा बाबा."

चहा तसाच राहिला.

परत रिक्षानंच निघालो. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा आबा म्हणाले, "गाडी टेकवीत व्हते तरी परवडलं आसतं." मला वाटलं होतं जत्रेला जायचं आता रद्द झालं. मी तर जायचं नाही यावर ठाम होते. कुठल्या तोंडानं सत्कार घ्यायचा? ज्या दगडानं त्यांना गावात माणूस केलं, तोच दगड त्यांच्यापासून काढून घ्यायचा आणि वर शाल द्यायची, ही कुठली रीत? आणि काढून घेतला तो कसा, तर हार घालून. भांडण काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे समोरचा पाया पडतोय, त्याला तुम्ही काय बोलणार? पण आबा म्हणाले, जायचं. शेवटचं बघून येऊ.

जत्रेच्या दिवशी संध्याकाळी गेलो. डीजे होता, लाइटिंग होतं, आकाशपाळणा होता. "भव्य धोंडा उचल सोहळा" असा मोठा फ्लेक्सही होता. मला कळेना, धोंडा तर सिमेंटात बसवलाय, मग सोहळा कशाचा? स्टेजजवळ गेल्यावर कळलं. डेकोरेशनवाल्यानं थर्माकोलचा एक मोठा गोळा करून आणला होता, वर काळा रंग, त्यावर सोनेरी अक्षरात गावाचं नाव. एकेकानं स्टेजवर जायचं, गोळा डोक्यावर धरायचा, दंड दाखवायचे, फोटो काढायचा. "भावी" साहेबांनी तो एका हातानं उचलला तेव्हा फटाके लावले. मी हे बनवून सांगत नाही. तालमीत घाम गाळणारी गावची पोरं खाली उभी राहून मोबाइलवर ते शूट करत होती, आणि एकाच्याही मनात आलं नाही की आपला खरा धोंडा पंधरा पावलांवर चांदीचे डोळे लावून हे बघतोय.

मग आबांचं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, फेटा. आणि निवेदक माइकवर म्हणाला, "आजोबा, एकदा होऊन जाऊ द्या. जुनी ताकद दाखवा आम्हाला."

आबांनी गोळ्याकडे पाहिलं. संध्याकाळची वेळ, डोळ्यांवर लाइट, मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन राहिलेलं. आधीचे फोटो चालले तेव्हा ते गर्दीच्या मागे खुर्चीत बसून होते; मला खालून दिसत होतं, की त्यांना तो खरा वाटला. समितीनं काहीतरी मार्ग काढला, त्यांच्यासाठी एखादा दुसरा धोंडा आणला, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. धोतर खोचलं. पाय फाकवून उभे राहिले, हळूहळू वाकले, बोटं खाली घातली, डोळे मिटले आणि सगळा दम छातीत घेतला. मी "आबा, नको" असं म्हणेपर्यंत त्यांनी जोर लावला होता.

गोळा त्यांच्या हातातून कुठच्या कुठे उडाला. आबा मागच्या मागे कोसळले. माझी मुलगी स्टेजच्या पायरीशी होती म्हणून बरं, तिनं उडी घेऊन त्यांना पाठीकडून धरलं, नाहीतर डोकं फुटलं असतं.

आणि लोक हसले. सगळे नाही. पण हसले. निवेदकही हसला, माइकवर. तो हशा अजून माझ्या कानात आहे. आबा तिच्या हातांत तसेच टेकून उभे होते, फेटा एका कानावर आलेला, आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होते. त्यांना लागलं नव्हतं. मी त्यांना इतकं लाजलेलं कधी पाहिलं नाही. आयुष्यात नाही.

मी भांडायला स्टेजकडे निघाले. माझ्या तोंडात काय काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुलगी आबांना घेऊन माझ्या आधी खाली उतरली. तिनं आबांना खुर्चीत बसवलं, ओढणी काढून माझ्या हातात दिली, आणि सरळ ओट्याकडे चालत गेली. रेलिंग ओलांडलं. डीजेवाल्यानं तेवढ्यात आवाज बंद केला. कुणीतरी बाई म्हणाली, "अगं ए, देव हाय तो."

तिनं माळ काढली, नीट दुमडून बाजूला ठेवली. चांदीचे डोळे काढले, तेही ठेवले. मिठी मारायला गेली तर हात सटकले. तेलातला शेंदूर, तो कसा धरवणार? तिनं इकडेतिकडे पाहिलं. पेव्हिंग ब्लॉकमध्ये माती कुठून असणार? शेवटी कुंडीतल्या तुळशीची माती ओंजळभर घेतली आणि धोंड्याला चोळली. तेव्हा गर्दीतून मोठा आवाज उठला. "भावी" साहेब माइक घेऊन, "ताई, ताई, असं करू नका," असं म्हणत धावले. मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. मी काही केलं नाही. नुसती उभी राहिले. मी बरीच आडवी आहे.

मागून आबांचा आवाज आला. खणखणीत. "बोटं खाली. पाठ शेवटाला."

तिनं जोर लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. कटकन काहीतरी तुटलं, ग्रॅनाइटचा एक तुकडा खळकन खाली पडला, आणि धोंडा सुटला. मी मघाशी सांगितलं ना, काम मेहुण्यानं केलं होतं. एक पैसा घेतला नव्हता, आणि सिमेंटही जेमतेमच घातलं होतं. तिनं तो मांडीवर घेतला. तिथे दम खाल्ला. तिचं तोंड शेंदरासारखंच लाल झालं होतं. मग मिठी मारली, उठली, रेलिंगच्या फाटकातून कशीबशी तिरकी बाहेर पडली आणि चालायला लागली. लोक आपोआप बाजूला झाले. कुणी तिला हात लावला नाही. खरं सांगायचं तर कुणाची छाती झाली नाही. पटांगणातून रस्त्यावर गाड्या जायला यायला जी एकच वाट ठेवलीय, तिच्या ऐन मध्ये ती थांबली. खांद्यापर्यंत नेला आणि मागे टाकला. पेव्हिंग ब्लॉक फुटले.

हाणामारी होणार असं मला वाटलं होतं. "भावी" साहेबांचे दोन-चार कार्यकर्ते पुढे सरकलेही. पण पिंपळाच्या पाराशी काठी घेऊन बसलेला एक म्हातारा, जुन्या तालमीतला, मोठ्यानं म्हणाला, "पडला. आता फुडल्या जत्रंपोतर तितंच." एवढंच. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तालमीतली पोरं धोंड्याभोवती गोळा झाली, आणि मोबाइल खिशात घालून त्याला बोटांनी चाचपून बघायला लागली. आबा खुर्चीत बसून रडत होते. मीही रडले. मुलगी मात्र अंगभर शेंदूर माखून दात काढत होती.

यानंतर जे झालं ते खरं ऐकण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी जेसीबी बोलावला. बोलावला, आणि त्यांच्याच गुरुजींनी तो परत पाठवला. प्राणप्रतिष्ठा केलेला देव यंत्रानं कसा उचलणार? आधी शांत, मग होम, मग मुहूर्तावर पुन्हा स्थापना. मुहूर्त बघायला गेले तर पुढे अधिक महिना. अधिकात असलं काही करत नाहीत. तो संपला आणि चातुर्मास लागला. चातुर्मासात देव झोपलेले. म्हणजे दगड होता तेव्हा उचलायला माणूस लागत होता, आता देव केला तर पंचांगही लागतं. कुणी सांगितलं होतं? मी तर सांगितलं नव्हतं.

तोवर धोंडा वाटेत आहे. पावसानं शेंदूर बराच धुऊन गेलाय, खालचा काळा दिसायला लागलाय. सकाळी एखादी भाविक बाई फूल ठेवते, संध्याकाळी तालमीतली पोरं हात लावून बघतात, आणि दोघांच्या मधल्या वेळात अख्ख्या गावाच्या गाड्या त्याला वळसा घालून, गटाराच्या कडेनं, एक चाक खाली घालत जातात. समितीनं माझ्या मुलीविरुद्ध तक्रार करायची धमकी दिली होती. मी म्हटलं, करा. त्यात लिहा की मुलीनं देव उचलला. वाचणाऱ्यालाही जरा बरं वाटेल.

रविवारी आबांना तिथे घेऊन जावं लागतं. ऐकतच नाहीत. मोमोवाल्याच्या बाकड्यावर चहा घेऊन बसतात आणि गाड्या बघतात. गेल्या रविवारी ते उठून धोंड्याजवळ जाऊन उभे होते, हात पाठीमागे बांधून. अध्यक्षांची भलीमोठी पांढरी गाडी आली. आत स्वतः अध्यक्ष होते, काच वर. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला व्हा की."

आबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "मी बाजूलाच हाय बाबा," ते म्हणाले. "तू वळसा घाल."